वाचकांचे प्रश्न : विदर्भाचा चौथा नंबर आणि गावातले पोट्टे

यंदाच्या रणजी हंगामाबद्दल आलेल्या पत्रांपैकी काही निवडक पत्रं आणि आमची उत्तरं.

करुण नायर कर्नाटकात परत गेला. आता चौथ्या नंबरवर कोण? आमच्या पारावर अर्धे लोक दानिश मालेवार म्हणतात, अर्धे यश राठोड.
*– एक वाचक, दारव्हा, जि. यवतमाळ*

मालेवार. आणि राठोडला पाचव्यावरून हलवू नये.

नायरनं २०२४-२५ च्या रणजीत ८६३ धावा केल्या होत्या. केरळविरुद्धच्या अंतिम सामन्यात ८६ आणि १३५. एवढी पोकळी एकट्या माणसानं भरायची नसते, म्हणून कोण कोणतं काम आधी करून दाखवतो ते बघायचं. त्या अंतिम सामन्यात ३ बाद २४ अशी अवस्था होती. चेंडू नवा, खेळपट्टीत ओल. तिथून मालेवारनं नायरसोबत २१५ धावा जोडल्या आणि २८५ चेंडूंत १५३ केल्या, तेही रणजीच्या पहिल्याच हंगामात. नवा चेंडू अजून चमकतोय आणि दोन-तीन जण तंबूत परतलेत, ही चौथ्या नंबरची रोजचीच परिस्थिती. तो परीक्षा देऊन बसला आहे. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये दुलीप करंडकात त्यानं द्विशतकही केलं, म्हणजे एका हंगामाची हवा नव्हती.

राठोडचं काम वेगळं आहे. २०२४-२५ च्या रणजीत ९६० धावा करून तो देशात सगळ्यांच्या वर राहिला. मुंबईविरुद्धच्या उपांत्य सामन्यात आघाडीचे फलंदाज लवकर गेल्यावर दुसऱ्या डावात त्यानं १५१ केल्या, विदर्भ ८० धावांनी जिंकला. चेंडू जुना झालाय, फिरकी लागलीय, सोबत कर्णधार अक्षय वाडकर नाहीतर तळाचा गोलंदाज, अशा वेळी धाव कुठून काढायची हे त्याच्याइतकं संघात कुणाला कळत नाही. असा माणूस वर पाठवला, की वरची एक जागा भरते आणि खालून डाव उघडा पडतो.

पारावर वाद घालायचाच असेल तर एक वही ठेवा. प्रत्येक फलंदाजाचे पहिले तीस चेंडू लिहा : किती सोडले, किती बॅटच्या मधोमध लागले, किती कडेला लागले, एकेरी किती. पाच डावांची अशी नोंद झाली की सरासरीच्या आकड्यापेक्षा जास्त कळतं.

केरळविरुद्धचा अंतिम सामना अनिर्णित सुटला, मग आपण चॅम्पियन कसे झालो? घरातल्या बायामाणसांना समजावून सांगता येत नाही.
*– एक वाचक, समुद्रपूर, जि. वर्धा*

बाद फेरीचा सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावात ज्याची आघाडी तो पुढे. विदर्भ ३७९, केरळ ३४२, आघाडी ३७. अकराव्या नंबरवर आलेल्या नचिकेत भुतेच्या ३२ धावा यात धरून पहा, म्हणजे शेपटाला, तळाच्या गोलंदाजांना, फलंदाजी का शिकवतात ते घरी पटेल. साखळी सामन्यात हाच हिशेब गुणांत होतो : निर्णायक विजयाला ६, डावानं किंवा दहा गड्यांनी जिंकल्यास आणखी १, अनिर्णित सामन्यात आघाडीवाल्याला ३ आणि दुसऱ्याला १.

आदित्य सरवटे विदर्भ सोडून गेला तेव्हा वाटलं आता संपलं. मग हर्ष दुबे आला. विदर्भात डावखुरे फिरकी गोलंदाज येतात तरी कुठून? आमच्या शाळेत एक पोरगा डावखुरा आहे, चेंडू लय वळवतो. त्याच्यात दम आहे हे ओळखायचं कसं?
*– एक क्रीडाशिक्षक, आरमोरी, जि. गडचिरोली*

सर, वळण शेवटी बघा. आधी टप्पा बघा, म्हणजे चेंडू नेमका कुठे पडतो ते.

सरवटेनं २०१८-१९ च्या अंतिम सामन्यात सौराष्ट्राचे ११ गडी बाद केले, चेतेश्वर पुजाराला दोन्ही डावांत १ आणि ० वर परत पाठवलं. दुबेनं २०२४-२५ मध्ये ६९ बळी घेऊन रणजीच्या एका हंगामातला विक्रम मोडला. आधीचा ६८ चा होता. शिवाय ४७६ धावा. या दोघांचं यश हातभर वळणाऱ्या चेंडूवर उभं नाही. काळ्या मातीच्या खेळपट्टीवर पहिले दोन दिवस चेंडू हळू आणि थोडाच वळतो. तेव्हा फलंदाजाला पुढे यावं की मागे जावं हे ठरवूच द्यायचं नाही, यावर बळी मिळतात. त्यासाठी तोच टप्पा तासभर पडला पाहिजे. पाहुण्या संघाचे कितीतरी फिरकीपटू इथे येऊन जास्त वळवायच्या नादात आखूड टाकतात आणि मार खातात.

तुमच्या मुलासाठी अशी चाचणी घ्या. फलंदाजाच्या यष्ट्यांपासून ३ मीटरवर एक आणि ४.५ मीटरवर एक अशा चुन्याच्या दोन आडव्या रेषा मारा. मधल्या पट्ट्यात, उजव्या फलंदाजाच्या ऑफ यष्टीसमोर, उघडलेल्या वर्तमानपत्राएवढा चौकोन काढा. मुलाला सलग ३६ चेंडू टाकू द्या, फलंदाज नको. पहिल्या बारांत किती पडले आणि शेवटच्या बारांत किती, हे वेगवेगळं लिहा. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाचे निम्मे चेंडू चौकोनात पडले तर चांगलं. शेवटच्या बारांत आकडा एकदम घसरला तर कारण बहुतेक वेळा पायात असतं. थकल्यावर पुढचा पाय आडवा पडतो, कंबर फिरत नाही, मग चेंडू नुसत्या खांद्यानं ढकलला जातो आणि आखूड पडतो. त्यावर उपाय म्हणजे चेंडू टाकण्याआधीची धाव कमी करून चार-पाच पावलांवर आणणं आणि पुढच्या पायाची बोटं फलंदाजाकडे वळलेली ठेवणं.

कोपराकडेही लक्ष द्या. चेंडू सुटताना कोपर १५ अंशांपेक्षा जास्त सरळ झालं तर तो अवैध चेंडू. डोळ्यांना अंश मोजता येत नाहीत, पण मोबाइलवर बाजूनं संथ चित्रण केलं की झटका लगेच दिसतो. ही खोड पंधराव्या वर्षी सुटते, बाविसाव्या वर्षी नाही.

दोन्ही हातांनी गोलंदाजी करणारा अक्षय कर्णेवार याच संघाचा. २०२१ च्या मुश्ताक अली टी-२० स्पर्धेत मणिपूरविरुद्ध त्यानं चार षटकं टाकली, एकही धाव दिली नाही, दोन बळी घेतले. पण तुमच्या मुलाला दुसरा हात शिकवायच्या फंदात पडू नका. एक हात आधी पक्का होऊ द्या.

भाऊ, माझा भाचा नाइट टुर्नामेंट गाजवतो. टेनिस बॉलवर षटकामागे दोन सिक्स ठरलेले. सीझन बॉलवर, चामड्याच्या कडक चेंडूवर, मात्र टिकत नाही. काऊन?
*– एक वाचक, तेल्हारा, जि. अकोला*

कारण दोन्ही चेंडूंत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. टेनिस बॉल ५६ ते ५९ ग्रॅमचा, सीझन बॉल १५६ ते १६३ ग्रॅमचा, म्हणजे जवळजवळ तिप्पट. टेनिस बॉलला जोरानं बॅट आडवी फिरवावी लागते, नाहीतर तो जातच नाही. तोच फटका सीझन बॉलवर मारला की शिवणीवर पडून हललेला चेंडू कडेला लागतो. शिवाय टेनिस बॉल छातीपर्यंत उडतो म्हणून मुलं मागच्या पायावर उभी राहून वाट बघतात. सीझन बॉल गुडघ्याच्या उंचीवर येतो आणि ती पायचीत होतात.

तेवढ्यावरून भाच्याला मोडीत काढू नका. वलनीच्या कोळसा खाण वसाहतीतला उमेश यादव विशीपर्यंत टेनिस बॉलवरच खेळला. २००८ मध्ये विदर्भाकडून रणजी, २०११ मध्ये भारताकडून कसोटी. मात्र तो वेगवान गोलंदाज होता. टेनिस बॉलवर कमावलेला खांद्याचा वेग गोलंदाजाला उपयोगी पडतो. फलंदाजाला हात नव्यानं शिकवावे लागतात.

पहिले तीन आठवडे फटका मारायचाच नाही. रोज साठ चेंडू, कमरेखालून हातानं टाकलेले, दहा-बारा मीटरवरून. बॅट सरळ, चेंडू डोळ्यांखाली, जमिनीलगत परत. चौथ्या आठवड्यापासून पूर्ण अंतरावरून गोलंदाज. हेल्मेट, पॅड, ग्लोव्हज आणि सेंटर गार्ड पहिल्या दिवसापासून हवेत. यात काटकसर करू नका. चेंडू एकदा लागला की पोरगा दोन महिने लेगकडे सरकत राहतो, आणि ती भीती काढायला फार वेळ लागतो. या काळात नाइट टुर्नामेंट पूर्ण बंद. आठवडाभर सरळ बॅट आणि रविवारी रात्री आडवी, यानं हात गोंधळतात.

बॅट नवीन घ्याल तर ती तयार करावी लागते. कच्चं जवसाचं तेल घ्या, आपल्याकडे घाण्यावर मिळतं. उकळलेलं किंवा रंगाच्या दुकानातलं नको. चहाच्या चमच्याएवढं तेल फडक्यावर घेऊन दर्शनी बाजू, कडा आणि टाच एवढ्यालाच पातळ हात द्या. दांडा जिथे बसवलेला असतो त्या सांध्याला तेल लावू नका, डिंक सुटतो. बॅट आडवी ठेवून एक दिवस मुरू द्या, मग दुसरा हात. तेलात भिजवलेली बॅट जड होते, तिचा ठोका मरतो. त्यानंतर लाकडी हातोडीनं किंवा जुन्या सीझन बॉलनं पाच-सहा तास ठोकायचं, रोज अर्धा-पाऊण तास. सुरुवात हलक्या हातानं. कडा तिरप्या ठोकून गोलसर करायच्या, सरळ कडेवर मारायचं नाही. पहिल्या आठवड्यात बॅट तडकते ती बहुधा कडेला किंवा टाचेला, कारण ठोकणारे मधल्या भागावरच वेळ घालवतात.

ग्रामपंचायत सरावाची सिमेंट पिच बांधायला तयार आहे. मागच्या वेळची दोन पावसाळ्यांत तडकली. काय चुकलं?
*– क्रीडा मंडळाचे सदस्य, मोर्शी तालुका, जि. अमरावती*

सिमेंटला दोष देऊ नका, चूक खाली आहे. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर थेट काँक्रीट ओतलं तर ते दरवर्षी वर-खाली होणार आणि मध्ये तुटणार.

दोन ते अडीच फूट काळी माती काढून टाका. मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांत भरा, प्रत्येक थरावर पाणी मारून रोलर फिरवा. एकदम सगळा मुरूम ओतून वरून रोलर फिरवला तर खालचा भुसभुशीतच राहतो. वर चार इंच काँक्रीट, एक सिमेंट, दोन रेती, चार गिट्टी. रुंदी आठ फूट.

लांबी पूर्ण करायची गरज नाही. सरावात चेंडू फलंदाजाच्या पुढच्या सव्वीस-अठ्ठावीस फुटांतच पडतो. यष्ट्यांच्या मागे चार फूट धरून ३४ फुटांचा पट्टा पुरतो, त्याला सोळा-सतरा पोती सिमेंट लागेल. पूर्ण ७४ फुटांना पस्तीसच्या आसपास. वाचलेल्या पैशांत चांगलं जाळं येतं. गोलंदाजाच्या बाजूला ठोकलेला मुरूमच ठेवा. वाढत्या वयाच्या मुलांना सिमेंटवर उतरून वेगवान गोलंदाजी करू दिली तर गुडघे, टाचा आणि कंबर जातात.

काँक्रीटचा जोड यष्ट्यांपासून १६ ते १८ फुटांच्या दरम्यान घ्या. फिरकीचा टप्पा त्याच्या अलीकडे, वेगवान गोलंदाजाचा पलीकडे. जोडावर चेंडू पडला की तो कुठेही उडतो. पृष्ठभाग लांब पट्टीनं समतल करा, वरून नुसतं सिमेंट घोटून आरशासारखा करू नका, चेंडू घसरतो. एका बाजूला इंचभर उतार ठेवा, पाणी निघून जाईल. चौदा दिवस ओली पोती टाकून पाणी द्या. उन्हाळ्यात बांधत असाल तर दुपारीसुद्धा.

वर काथ्याची मॅट. ती चारही बाजूंनी ओढून दर दोन फुटांवर खिळ्यांनी नाहीतर आकड्यांनी ताणायची. सैल मॅटला सुरकुती पडते, तिच्यावर चेंडू कधी बसतो, कधी उसळतो, आणि मुलं मागे पळायला शिकतात. सराव झाला की मॅट वाळवून गुंडाळून आत ठेवा. ओली गुंडाळली तर एका पावसाळ्यात कुजते.

उमेशनंतर वेगवान गोलंदाज कोण?
*– एक वाचक, ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर*

संघाची दुखरी नस इथेच आहे. दर्शन नळकांडे, यश ठाकूर, नचिकेत भुते हे तिघे कामाचे आहेत. नळकांडेनं मुश्ताक अलीच्या उपांत्य सामन्यात कर्नाटकाविरुद्ध सलग चार चेंडूंत चार बळी घेतले होते, २०२५ च्या अंतिम सामन्यातही पहिल्या डावात तीन. पण २०१७-१८ च्या अंतिम सामन्यात रजनीश गुरबानीनं हॅटट्रिक घेतली तेव्हा तिन्ही फलंदाज त्रिफळाचीत झाले होते, त्यांतला शेवटचा १४५ वर खेळणारा ध्रुव शोरी. तोच शोरी पुढे विदर्भाकडून खेळायला आला. डाव रुजलेला असताना पूर्ण टप्प्यावर चेंडू टाकून यष्ट्या उडवणारा तसा गोलंदाज सध्या दिसत नाही. नागपुरात फिरकी ही कमतरता झाकते. बाहेरच्या हिरव्या खेळपट्टीवर ८० षटकांनंतर दुसरा नवा चेंडू हातात आला की ती उघडी पडते. आमचं मत असं, की या तिघांपैकी एकाला मर्यादित षटकांच्या सामन्यांतून विश्रांती देऊन फक्त लाल चेंडूसाठी राखावा.

जिल्ह्याच्या १६ वर्षांखालील निवड चाचणीला जायचं आहे. कोणते कागद लागतात? हाडांची तपासणी म्हणजे काय?
*– एक पालक, लाखांदूर, जि. भंडारा*

जन्मदाखला, आधार, शाळेचं बोनाफाइड आणि गुणपत्रिका यांच्या मूळ प्रती व झेरॉक्स तयार ठेवा. चाचणीची सूचना आणि कागदांची नेमकी यादी जिल्हा क्रिकेट संघटनेकडूनच घ्या. चारही कागदांवर नाव आणि जन्मतारीख अक्षर न् अक्षर सारखी हवी. आधारवर एक तारीख आणि दाखल्यावर दुसरी, यातच खेड्यातली मुलं अडकतात. दुरुस्तीला वेळ लागतो, म्हणून आजच ताडून पहा.

हाडांची तपासणी म्हणजे डाव्या मनगटाचा आणि हाताचा एक्स-रे. वाढीच्या पट्ट्या किती भरून आल्या यावरून हाडांचं वय काढतात. इंजेक्शन नाही, दुखत नाही. कागद खरे असले तरी काही मुलांची हाडं वयाच्या पुढे वाढलेली असतात आणि त्या गटात खेळता येत नाही. तसं झालं तर मुलाला दोष देऊ नका, वरच्या वयोगटाची तयारी सुरू करा. आणि शाळेत नाव घालताना वय कमी लिहिलेलं असेल तर ते आताच सरळ करून घ्या. खोटा कागद सापडला की बंदी येते.