वाचकांचे प्रश्न : बॅटरी तुटते, तरी इंजिन थांबत नाही

प्रश्न : ऑटोक्रॉससाठी (मैदानावर आखलेल्या मार्गावरील वेळेविरुद्धच्या शर्यतीसाठी) आम्ही मित्र मिळून एक जुनी पेट्रोल गाडी तयार करीत आहोत. बॅटरीच्या धन केबलमध्ये दोन टोकांचा कट-ऑफ स्विच बसविला आहे; परंतु इंजिन चालू असताना तो बंद केला, तरी इंजिन चालूच राहते. स्विच सदोष असावा काय? — एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : स्विच बहुधा ठीक आहे, जोडणी अपुरी आहे. इंजिन फिरत असते तोवर अल्टरनेटर वीज निर्माण करतो, आणि बॅटरी बाजूला झाली तरी इग्निशन कॉइल व पेट्रोल पंप त्याच विजेवर चालू राहतात. अपघातात पेट्रोलची नळी फुटलेली असताना पंप चालू राहणे जिवावर बेतू शकते. म्हणूनच एफआयए या मोटार शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांनुसार या स्विचने सर्व सर्किट तुटून इंजिनही थांबले पाहिजे. चार्जिंग चालू असताना बॅटरी अचानक तोडल्यास व्होल्टेज उसळून अल्टरनेटरचे डायोड जळू शकतात, तेव्हा सध्याच्या जोडणीवर ही चाचणी कृपया पुन्हा करू नका.

आपणांस सहा टोकांचा स्विच लागेल. त्याच्या दोन जाड टोकांपैकी एकाला केवळ बॅटरीची धन केबल जोडावी. स्टार्टर, अल्टरनेटर आणि उर्वरित सर्व वायरिंग दुसऱ्या टोकावर घ्यावे. बारीक टोकांच्या दोन जोड्या असतात. स्विच चालू असताना जी जोडी जुळलेली असते, तिच्यातून इग्निशनचा आणि पंपाच्या रिलेच्या (पंपाची वीज चालू-बंद करणाऱ्या विद्युत स्विचच्या) कॉइलचा पुरवठा न्यावा. जी जोडी स्विच बंद केल्यावर जुळते, तिच्यातून अल्टरनेटरच्या बाजूचे जाड टोक ३ ओहम, ११ वॅटच्या रेझिस्टरमार्गे बॉडी अर्थला (गाडीच्या धातूच्या सांगाड्याला) जोडावे, म्हणजे उसळलेली वीज तेथे जिरते. असा वायरवाउंड रेझिस्टर बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत शोधावा.

खरी गफलत होते ती या रेझिस्टरपाशी. तो चुकून बॅटरीच्या बाजूला जोडला गेला, तर गाडी बंद करून ठेवल्यावरही त्यातून १२ भागिले ३, म्हणजे ४ अँपिअर प्रवाह वाहत राहतो. ११ वॅटच्या त्या तुकड्यावर ४८ वॅटचा भार पडून तो तापतो आणि बॅटरीही उतरते. बारीक जोड्यांची अदलाबदल झाली, तर गाडी चालू असतानाच तो जळू लागेल आणि इग्निशनला वीज मिळणार नाही. टोकांवरील खुणांवर विसंबून न राहता, काहीही जोडण्यापूर्वी स्विच चालू व बंद अशा दोन्ही स्थितींत मल्टीमीटरने प्रत्येक जोडी तपासावी, असा माझा आग्रह आहे.

चालकाला पट्टा बांधलेला असताना आणि मार्शलला (मैदानावरील सुरक्षा कर्मचाऱ्याला) बाहेरून, असा दोन्हीकडून स्विच बंद करता आला पाहिजे. बंदिस्त गाडीत हा स्विच बंद करणारी बाहेरची ओढदोरी विंडस्क्रीनच्या खालच्या कोपऱ्याशी असते. तिच्याजवळ पांढऱ्या कडेच्या निळ्या त्रिकोणात विजेची लाल खूण लावावी, आणि त्या त्रिकोणाचा पाया किमान १२ सेंटिमीटर असावा. सर्व जोडणी झाल्यावर इंजिन चालू ठेवून, हेडलाइट लावून बाहेरची दोरी ओढावी. इंजिन आणि दिवे दोन्ही बंद झाले, तरच गाडी मैदानावर न्यावी.