एनपीएम (जावास्क्रिप्टच्या तयार कोडचं भांडार) वरचं पॅकेज घेताना गिटहबवरचे स्टार (लोकांनी दिलेली पसंती) बघणं पुरेसं आहे का?

नाही, स्टारपेक्षा पॅकेज सध्या कोण सांभाळतंय ते बघा. २०१८ मध्ये इव्हेंट-स्ट्रीम या पॅकेजच्या मूळ लेखकाने मदतीला आलेल्या अनोळखी माणसाकडे सूत्रं दिली. त्याने फ्लॅटमॅप-स्ट्रीम ही नवी डिपेंडन्सी (पॅकेज ज्यावर अवलंबून असतं असं दुसरं पॅकेज) घुसवून कोपे वॉलेटमधल्या बिटकॉइनवर डल्ला मारायचा डाव टाकला. स्टार तेव्हाही भरपूर होते! त्यामुळे इन्स्टॉल करण्याआधी हे तपासा:

- ‘एनपीएम व्ह्यू’ ही कमांड चालवून मेंटेनर (पॅकेज सांभाळणारे) आणि डिपेंडन्सी
- पॅकेज डॉट जेसन या माहितीच्या फाइलमध्ये पोस्टइन्स्टॉल (इन्स्टॉल होताच आपोआप चालणारी) स्क्रिप्ट आहे का
- लायसन्स

लेफ्ट-पॅड (मजकुराच्या डावीकडे जागा भरणारं पॅकेज) सारखं ११ ओळींचं काम असेल तर सरळ स्वतः लिहा (क्रिप्टोग्राफी, म्हणजे माहिती गुप्त ठेवणारा कोड, मात्र चुकूनही स्वतः लिहू नका). फक्त शेवटचा कमिट (कोडमध्ये नोंदवलेला बदल) दोन वर्षांपूर्वीचा दिसला म्हणून लगेच फुली मारू नका. काम पूर्ण झालेली छोटी लायब्ररी शांतच असते.