नोकरी सांभाळून डे ट्रेडिंग जमेल का? आणि लॉस झाला की डोकं फिरतं, भावनांवर कंट्रोल कसा ठेवायचा?

हा "भावनांवर कंट्रोल" शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं, म्हणून लिहितेय.

माझा धाकटा भाऊ इंट्राडे करायचा, म्हणजे शेअर घेऊन त्याच दिवशी विकायचा, हेच डे ट्रेडिंग. लॉस झाला की कारण ठरलेलं, माइंडसेट बिघडला. आणि माइंडसेट कोणी बिघडवला तर घरातल्यांनी. एकदा मोठा फटका बसला तेव्हा त्याने सरळ आईचं नाव घेतलं, ऐन ट्रेडमधे तिचा फोन आला, लक्ष उडालं आणि सगळं गेलं म्हणे. आई बिचारी त्यानंतर मार्केट बंद होईपर्यंत त्याला फोन करायची नाही, काही दुखलंखुपलं तरी आधी मला विचारायची "आत्ता केला तर चालेल का गं त्याला?"

मी अकाउंट्समधे काम करते, मला कागद बघितल्याशिवाय काही पटत नाही. त्याच संध्याकाळी त्याला ऑर्डरबुक, म्हणजे कुठली ऑर्डर किती वाजता टाकली त्याची नोंद, उघडायला लावलं आणि शेजारी आईचा कॉल लॉग ठेवला. फोन यायच्या आधीच स्टॉपलॉस (भाव इथवर पडला की विकून टाकायचं, अशी आधी लावलेली मर्यादा) दोनदा खाली सरकवलेला होता, वर पडत्या भावात अजून क्वांटिटी घेऊन अ‍ॅव्हरेज केलेलं, आईचा फोन आला तोवर जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. तो म्हणाला, तुला मार्केटमधलं काय कळतं. मार्केटमधलं नसेल कळत, घड्याळ कळतं.

मग मी त्याचं पूर्ण लेजर काढलं. दहातले सातेक ट्रेड प्रॉफिटचे आणि तरी कॅपिटल घटत चाललेलं, कारण प्रॉफिट जरा दिसला की लगेच बुक आणि लॉस मात्र "येईल वर" म्हणत धरून ठेवलेला. हे फक्त त्याचं नाही हो, माणसाचं मनच असं आहे, कानेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मधेच मांडलंय की तेवढ्याच रकमेच्या फायद्यापेक्षा तोटा जास्त लागतो, आणि तोट्यात असलेला माणूस उलट जास्त रिस्क घेतो. म्हणजे नुसतं ठरवून हे जात नाही. वर ब्रोकरेज, टॅक्स, चार्जेस, ते जिंका नाहीतर हरा, कापले जाणारच.

आणि पाच पट मार्जिन घेतलं असेल, म्हणजे स्वतःच्या पैशाच्या पाच पट रकमेचे शेअर घेतले असतील, तर शेअर २ टक्के पडला की तुमचे १० टक्के गेले. कॅपिटल निम्मं झालं की परत जागेवर यायला ५० नाही, १०० टक्के कमवावे लागतात. ध्यान करून हे गणित बदलत नाही.

नोकरीचं म्हणाल तर मीटिंगमधे टेबलाखाली फोन धरून ट्रेड करणारे मी ऑफिसात बघितलेत, त्यांचं ना काम धड होतं ना ट्रेड. करायचंच असेल तर स्टॉपलॉस ऑर्डर एंट्रीबरोबरच सिस्टिममधे टाका, मनातला स्टॉपलॉस म्हणजे स्टॉपलॉस नव्हेच. दिवसाचा लॉस आधी ठरवा, तो झाला की अ‍ॅप बंद. उधारीचे पैसे अजिबात नकोत.

सगळेच बुडतात असं नाही म्हणत मी. तैवानमधे १९९२ ते २००६ चे डे ट्रेडर्स अभ्यासले, त्यात खर्च वजा जाता सातत्याने कमावू शकणारे १ टक्क्याहून कमी निघाले, पण निघाले. तुम्ही त्यातले असाल तर उत्तमच. आणि शेअर घेऊन वर्षानुवर्षं ठेवणं हा वेगळा विषय, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

फक्त महिन्याच्या शेवटी चार्जेससकटचं स्टेटमेंट घरातल्या एका माणसाला दाखवत जा, स्क्रीनशॉट नाही, पूर्ण स्टेटमेंट. भावाने ते शेवटपर्यंत केलं नाही, आणि आईला सॉरी पण म्हणाला नाही अजून.