सही करण्याआधी

चि. पोरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल तुझा फोन आला तेव्हा मी गिरणीत होते. पट्ट्याच्या आवाजात निम्मं ऐकू आलं, निम्मं नाही. "बाई, शाळेच्या समितीला नाव देऊ का?" एवढं मात्र ऐकलं, आणि त्यामागून "घरचे म्हणतात, त्यात काय मिळतंय" हेही. दळणाच्या रांगेत उभं राहून उत्तर द्यावं असा हा प्रश्न नाही, म्हणून रात्री लिहायला बसले आहे.

नाव दे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं बरंचसं जड आहे आणि ते वाचून बाई आपल्याला मागे ओढतात असं तुला वाटायला नको.

माझी हकीकत तुला अर्धीच ठाऊक आहे. अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले. चौतीस वर्षं जिल्हा परिषदेची नोकरी, त्यातली शेवटची अकरा मुख्याध्यापिका म्हणून. निवृत्तीनंतर गावी आले आणि त्याच जुलैत इथल्या पालकसभेत शाळा व्यवस्थापन समितीसाठी नाव दिलं. समितीत पालकांखेरीज एक जागा स्थानिक शिक्षणतज्ज्ञाची असते, तीही पालकांनीच निवडायची असते. मला खात्री होती. सगळा जन्म शाळेत काढलेल्या बाईला कोण नाही म्हणेल? हात वर करायला सांगितले. माझ्या बाजूने नऊ. समोर दूध संस्थेतला एक कार्यकर्ता उभा होता, त्याला एकतीस. सभा मोडल्यावर एक आई जवळ आली आणि म्हणाली, "बाई, तुमी कधी आमच्या दारात आला न्हाई. आमी कसं ओळखायचं?" तिचं खरं होतं. मला शाळा माहीत होती, त्या शाळेत पोरं पाठवणारी घरं माहीत नव्हती. पुढची दोन वर्षं मी ती घरं हिंडले. समितीची मुदत दोन वर्षांचीच असते. पुढच्या सभेत मला निवडलं.

तू तर राहतेस त्या गावची लेकही नाहीस, सून आहेस. तेव्हा सभेच्या आधी घरोघर जा. मत मागायला म्हणून जाऊ नकोस. मी एकच प्रश्न विचारायची, तूही विचार: पोरगं शाळेतून आलं की पहिल्यांदा काय करतं? एका आळीत चार आयांनी मला एकच उत्तर दिलं. "दप्तार टाकती आणि आधी संडासाकडं पळती." चौघींच्याही मुली, सहावी-सातवीतल्या.

दुसऱ्या दिवशी शाळेत गेले. मुलींचं स्वच्छतागृह होतं. गुलाबी रंगाचं, दारावर 'मुली' असं सुबक अक्षरात लिहिलेलं, आणि दाराला कुलूप. किल्ली ऑफिसात सरांच्या खुर्चीमागे, कॅलेंडरशेजारच्या खिळ्याला. म्हणजे जायचं तर आधी सरांकडे किल्ली मागायची, आणि तीही ऑफिसात चार माणसं बसलेली असताना. बारा वर्षांची पोर कशी मागेल? त्या मागतच नव्हत्या. सकाळपासून पाणीच प्यायचं नाही, हा त्यांनी काढलेला उपाय होता. कुलूप कुणी दुष्टपणाने लावलं नव्हतं. संध्याकाळी बाहेरची माणसं येऊन घाण करत, म्हणून लावलं होतं. ते शाळा सुटल्यावर लावायचं, एवढंच कुणाला सुचलं नव्हतं, कारण त्या समितीच्या बैठकीत मुलींच्या आया बोलतच नव्हत्या.

समितीत गेल्यावर मी हिशेब मागितला. शाळेचा पट ६४. 'समग्र शिक्षा' या सरकारी योजनेतून शाळांना खर्चासाठी संयुक्त शाळा अनुदान येतं, त्यात ३१ ते १०० पटाच्या शाळेला वर्षाला २५ हजार रुपये धरलेले आहेत आणि त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्चायचे असतात. म्हणजे अडीच हजार. कागदावर ते खर्च झालेलेच होते, फिनेल आणि खराट्यांवर. दुसऱ्या वर्षी त्यातून स्वच्छतागृहापर्यंत नळाचा पाईप नेला. रक्कम केवढीशी आहे बघ. पण ती कशावर जाते हे विचारायचा अधिकार तुला कुणी मेहरबानीने दिलेला नाही.

तो कुठून आला हे नीट लक्षात ठेव, कारण सभेत कुणीतरी विचारणारच, "तू कोण विचारणारी?" २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याचं २१ वं कलम सांगतं की समितीत किमान तीन चतुर्थांश पालक हवेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका. वंचित घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. आपल्याकडे अध्यक्षही पालकांतूनच निवडतात, त्यामुळे मी कितीही जुनी शिक्षिका असले तरी मला अध्यक्ष होता येत नाही, तुला येतं. हे मला फार योग्य वाटतं. शाळेच्या कामावर लक्ष ठेवणं, अनुदानाचा खर्च पाहणं आणि शाळा विकास आराखडा तयार करणं ही समितीची कामं कायद्यातच लिहिली आहेत. (तुझ्या नणंदेची मुलं अनुदानित खाजगी शाळेत आहेत ना? तिथे २०१२ च्या दुरुस्तीनंतर ही समिती फक्त सल्ला देऊ शकते.)

आपण कोल्हापूरकडची माणसं. १९१७ साली शाहू महाराजांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं तेव्हा मूल शाळेत न घालणाऱ्या आईबापाला महिना एक रुपया दंड ठेवला होता. तेव्हा सरकार पालकाला विचारत होतं, पोर कुठाय? आता पालकाने विचारायचं, शाळा कशी चाललीय? तू नाव देतेस ते या कामासाठी.

आता एक गोष्ट सांगते, जी मी आजवर कुणाला सांगितलेली नाही.

मुख्याध्यापिका असताना माझ्याही शाळेत समिती होती. महिन्याला एक बैठक, सचिव मी. बैठक कधी व्हायची, बरेचदा व्हायची नाही. भांगलणीचे दिवस, कोण येणार? मग शाळा सुटल्यावर मी एकटी बसून प्रोसिडिंग बुक लिहायची. सूचक अमुक, अनुमोदक तमुक, ठराव सर्वानुमते मंजूर. आणि दुसऱ्या दिवशी सातवीतल्या एखाद्या पोराच्या हाती ते बुक देऊन घरोघर सह्या आणायला धाडायची, भर शाळेच्या वेळात. त्यातल्या एका आईची सही मला अजून डोळ्यांसमोर दिसते. ती नाव लिहायची नाही, काढायची. प्रत्येक अक्षरानंतर पेन उचलायची आणि सगळी अक्षरं झाली की वरची रेघ एका दमात ओढायची. एकदा त्या रेघेवर हळदीचं बोट उमटून आलं होतं. हातातलं काम टाकून तिने सही केली होती, आणि कशावर केली ते मी तिला कधी सांगितलं नाही. पोरांना वाचायला शिकवणारी बाई त्यांच्या आयांकडून न वाचता सह्या घेत होती.

इथे सदस्य झाल्यावर पहिल्याच महिन्यात एक पोरगा माझ्या दारात उभा राहिला. हातात तसलंच लांब बांधणीचं बुक. "बाई, सरांनी सही मागितलीया." मी त्याला पाणी दिलं, बुक काखेत घेतलं आणि त्याच्याबरोबर शाळेत गेले. सरांना म्हटलं, "सर, अकरा वर्षं मीही हेच केलंय. आता हे आपण दोघांनी मिळून बंद करू." ते आधी रागावले. नंतर गप्प बसले. पुढे आम्ही बैठक अमावास्येला ठेवायला लागलो, कारण आमच्याकडे त्या दिवशी मजुरीची कामं बंद असतात आणि अमावास्या महिन्याला एक येतेच. पहिल्या अमावास्येला सात बायका आल्या. आधी सगळ्या भिंतीला धरून बसल्या होत्या.

म्हणून तुला बजावते. बैठक झाल्याशिवाय सही करायची नाही. झाली तरी लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवायला सांग, कारण समितीत ज्या बाईला वाचता येत नाही तिलाही ते ऐकू आलं पाहिजे. शेवटची ओळ आणि सह्या यांच्यामध्ये कोरी जागा दिसली तर तिथे आडवी रेघ मार. अध्यक्ष झालीस तर बँकेच्या कागदावर मुख्याध्यापकांबरोबर तुझीही सही लागेल. कोऱ्या कागदावर कुणी कितीही गोड बोलून मागितली तरी द्यायची नाही, मग तो तुझा दीर का असेना.

दिराचं नाव काढलं ते मुद्दाम. तुझं नाव पुढे आलं की गावातले दोन्ही गट तुझ्या घरी येतील. ज्यांनी सेवा सोसायटी आणि दूध संस्था वाटून घेतली आहे, त्यांना शाळेची समितीही त्याच वाटणीत हवी असते. "आमच्याकडनं उभी ऱ्हा, बिनविरोध करतो" म्हणतील. भांडू नकोस, चहा दे, आणि सांग की माझी पोरगी दुसरीत आहे, मी तिच्या वर्गाकडून उभी आहे. सभेला त्यांच्या गाडीतून जाऊ नकोस. चालत जा, वाटेत आया भेटतात.

शिक्षकांबद्दल. तुला अधिकार मिळाला म्हणून वर्गात शिरून मास्तरांना शिकवायला शिकवू नकोस. हजेरी बघ, खिचडी शिजली की वाढण्याआधी चव घेतली जाते का आणि तशी नोंद होते का ते बघ, पहिली ते पाचवीच्या मुलाला १०० ग्रॅम तांदूळ आणि २० ग्रॅम डाळ ठरलेली आहे, ती मापून पडते का ते विचार. पण शिक्षक दिसला नाही की लगेच "कुठं हिंडतोय" म्हणू नकोस. कायद्याच्या २७ व्या कलमाप्रमाणे जनगणना, आपत्तीतलं काम आणि निवडणूक सोडून शिक्षकांना दुसरी अशैक्षणिक कामं लावता येत नाहीत. तरी माहिती भरा, फोटो टाका, सर्व्हे करा, हे चालूच असतं. त्याविरुद्ध शिक्षक एकटा बोलला तर त्याच्यावर कागद येतो. समितीने ठराव करून वर पाठवला तर ते पालकांचं म्हणणं होतं. तसा ठराव तू मांड. मग तेच शिक्षक तुझ्या बाकीच्या प्रश्नांना नीट उत्तरं देतील, हा माझा अनुभव आहे.

आणि एक राहिलं, ते मला सगळ्यांत जवळचं आहे. दिवाळीच्या पुढेमागे तुमच्या गावाबाहेर ऊसतोडीच्या टोळ्या येतील, बीडकडच्या. फडाच्या कडेला खोपी उभ्या राहतील. त्यांची पोरं गावात चार-पाच महिने राहतात, पण त्यांचे आईबाप जुलैच्या पालकसभेत नसतात. त्यांच्याकडून समितीत कुणीच येत नाही. कायदा म्हणतो, मूल जिथे असेल तिथे त्याला वयाप्रमाणे वर्गात घ्यायचं. दाखला नाही म्हणून परत पाठवायचं नाही. गावाहून निघताना काहींना शिक्षण हमी कार्ड मिळालेलं असतं, दुसऱ्या गावच्या शाळेत दाखवून तिथे वर्गात बसता यावं म्हणून. ते ट्रंकेत कपड्यांखाली असतं, आईला वाटतं रेशनचा कागद असेल. खोपीवर जाऊन ते बघायला लागतं. मागच्या हंगामात मी गेले तेव्हा नऊ वर्षांची एक मुलगी तान्ह्या भावाला घेऊन बसली होती. म्हटलं, शाळेत येतेस का? ती म्हणाली, "ह्याला कुठं ठेवू?" त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. शाळेशेजारी अंगणवाडी आहे, तिथल्या ताईंशी बोलून बाळाला त्यांच्याकडे ठेवायचं ठरलं, तेव्हा कुठे ती आली. आली ते अडीच महिने. कारखाना बंद झाला आणि ट्रॅक्टर गेला. गणितात ती आमच्या चौथीतल्या पोरांच्या पुढे होती, कारण मोळ्या मोजून मोजून तिला बाराचा पाढा पाठ होता.

तुझ्या आराखड्यात तिच्यासारख्यांसाठी एक ओळ असू दे. आमच्या आराखड्यात ती घालायला मला दोन बैठका लागल्या. "आपली पोरं न्हाईत ती" हेच सगळे म्हणत होते.

सभेची नोटीस शाळेच्या फळ्यावर लागली का ते उद्याच बघून ये. लागली नसेल तर मुख्याध्यापकांना लेखी विचार आणि पोच घे. मुलीला खोकला होता, तो थांबला का ते कळव. सासूबाईंना नमस्कार सांग. सभेच्या दिवशी दुभत्याचं त्यांनी बघावं म्हणून मी सांगितलंय म्हण, मला नाही म्हणायच्या नाहीत.

तुझ्या बाई