'प्रूफ ऑफ वर्क'ची पडताळणी आणि 'लक्ष्य' हा फसवा शब्द

प्रश्न असा आहे: बिटकॉइनच्या कोडवर मराठीत टिपण लिहायचे आहे, तर 'प्रूफ ऑफ वर्क व्हॅलिडेशन'ला 'कार्यसिद्धता प्रमाणीकरण' म्हणावे का? आणि 'टार्गेट'ला 'लक्ष्य' चालेल का?

'कार्यसिद्धता' नको. एक तर कार्यसिद्धीचा भास होतो, नारळ फोडावासा वाटतो. दुसरे म्हणजे सिद्धता ही भूमितीतली, तिच्यात शंकेला जागा नसते. इथे मायनर, म्हणजे साखळीत नवा ब्लॉक (व्यवहारांचा गठ्ठा) जोडू पाहणारा, नॉन्स हा हवा तसा बदलता येणारा आकडा बदलत बदलत ८० बाइटांच्या ब्लॉक हेडरचा (ब्लॉकच्या माथ्यावरच्या माहितीचा) दुहेरी शा-२५६ हॅश, म्हणजे त्या माहितीचा आकड्यातला ठसा, काढत बसतो आणि कधीतरी पुरेसा लहान आकडा हाती लागतो. नशीब जोरावर असेल तर पहिल्याच फटक्यात. म्हणजे बरेच काम झाले असणार, एवढीच ती साक्ष. 'कामाचा पुरावा' पुरेसे आहे. कल्पना ड्वर्क आणि नाओर यांची, १९९२ची. नाव मात्र १९९९मध्ये याकोबसन आणि ज्यूल्स यांनी दिले.

'प्रमाणीकरण' म्हटले की शिक्का मारणारे कार्यालय आलेच. बिटकॉइनमध्ये ते नाही. प्रत्येक नोड, म्हणजे जाळ्यातला प्रत्येक संगणक, आपापले तपासतो. बिटकॉइन कोअर या बिटकॉइनच्या मुख्य सॉफ्टवेअरमधल्या फंक्शनचे नावही साधे आहे, 'चेकप्रूफऑफवर्क'. तेव्हा 'पडताळणी' म्हणा. बोलताना मी तर 'ताळा' म्हणेन. गुणाकार कितीही लांबलचक असो, ताळा दोन ओळींत होतो. तसेच इथे हॅश शोधायला अफाट फटके लागतात, तपासायला एक. (नऊचा ताळा कधी कधी चुकीचे उत्तरही पास करतो. या ताळ्यात ती सवलत नाही.)

खरी गफलत 'लक्ष्य'मध्ये आहे. मराठीत लक्ष्य गाठायचे असते, आणि लक्ष्य वाढले की काम अवघड होते. कोडमध्ये नेमके उलटे. हॅश हा २५६ बिटांचा आकडा धरायचा आणि तो टार्गेटपेक्षा मोठा निघाला की ब्लॉक नापास. टार्गेट वाढले तर काम सोपे होते, उतरले तर काठिण्य वाढते. 'दर २०१६ ब्लॉकनंतर लक्ष्य बदलते, मायनर वाढले की ते कमी होते' हे वाक्य वाचून नवशिक्याला मायनरांवर दया केल्यासारखे वाटेल! म्हणून 'कमाल मर्यादा' किंवा नुसते 'मर्यादा' लिहा. नापास ब्लॉकला कोअर जे कारण चिकटवतो, तेही 'हाय-हॅश' असेच आहे.

टिपणात आणखी एक भेद ठेवा. 'चेकप्रूफऑफवर्क' हे फंक्शन हेडरमधल्या 'एनबिट्स'वरून (तिथे थोडक्यात लिहिलेल्या मर्यादेवरून) पूर्ण मर्यादा उलगडते. ती शून्य, ऋण किंवा साखळीच्या सर्वोच्च मर्यादेपलीकडची असेल तर तिथेच नकार देते, नसेल तरच हॅश पाहते. पण 'एनबिट्स' मुळात त्या ब्लॉकला लागू असायला हवे तेच आहे का, हे ते बघत नाही. तो हिशेब मागच्या ब्लॉकांवरून वेगळा होतो. दोन्हींना 'पडताळणी' म्हटलेत तर वाचक गोंधळेल. दुसऱ्याला मी 'मर्यादेची खातरजमा' म्हणेन.