वाचकांचे प्रश्न: मेल आर्काइव्हचा बॅकअप

प्रश्न: आमच्याकडे सुमारे ३,००० मेलबॉक्स आहेत. जुने मेल एंटरप्राइझ व्हॉल्ट या आर्काइव्हच्या सॉफ्टवेअरमध्ये जातात. एसक्यूएल डेटाबेसचा बॅकअप मध्यरात्री होतो. मेलच्या फायलींचा पहाटे ४ला सुरू होतो तो दुपारपर्यंत चालतो. इंडेक्सचा (शोधाच्या सूचीचा) घेत नाही, कारण ते पुन्हा बनवता येतात असं ऐकलंय. बॅकअपसाठी जागा वाढवून मागितली की साहेब म्हणतात, ‘आर्काइव्ह म्हणजेच बॅकअप, त्याचा आणखी बॅकअप कशाला?’ त्यांना काय सांगू? आणि आमची पद्धत बरोबर आहे का?

उत्तर: आधी साहेबांचं बघू, कारण तिथे अडलं तर बाकी सगळंच अडेल. त्यांच्याच मेलबॉक्समधला दोन वर्षांपूर्वीचा एखादा मेल त्यांना दाखवा. त्याचं चिन्ह वेगळं दिसेल. तो मेल नाही, शॉर्टकट आहे. विषय आणि पाठवणाऱ्याचं नाव तिथे दिसतं. अटॅचमेंट मेल सर्व्हरवर उरलेलीच नसते, क्लिक केल्यावर ती आर्काइव्हमधून येते. बॅकअप म्हणजे दुसरी प्रत. आर्काइव्हमधली प्रत ही दुसरी नाही, एकुलती एक आहे. शिवाय तीच अटॅचमेंट ५०० जणांना गेली असेल तर जागा वाचवायला ती एकदाच साठवलेली असू शकते. ती एक फाइल खराब झाली की ५०० जणांचे मेल अपुरे. एवढं त्यांच्या स्क्रीनवर दाखवलंत की जागेची चर्चा वेगळी होईल, असा माझा अनुभव आहे.

आता तुमची पद्धत. ती बदलायला हवी, आणि लवकर.

आर्काइव्ह तीन ठिकाणी पसरलेलं असतं. मेल डिस्कवर पार्टिशनमध्ये, म्हणजे साठवणीच्या कप्प्यांत, लाखो छोट्या फायलींच्या रूपात. कुठला मेल कुणाचा, कुठल्या फाइलमध्ये, कधीपर्यंत ठेवायचा, हा हिशेब डेटाबेसमध्ये. आणि शोधासाठी इंडेक्स. ही तिन्ही एकाच क्षणाची नसतील तर रिस्टोअर केलेलं आर्काइव्ह आतून जुळत नाही. तुमच्याकडे मध्यरात्रीचा डेटाबेस आणि दुपारच्या फायली यांत १२ तासांचं अंतर आहे. त्या १२ तासांत आत आलेले मेल फायलींत असतील, पण डेटाबेसला त्यांचा पत्ताच नसेल. मुदत संपून त्याच वेळात पुसलेल्या मेलची नोंद असेल, फाइल नसेल. पहिला प्रकार ईव्हीएसव्हीआर या तपासणीच्या टूलने बराचसा सावरता येतो. उलटं झालं, म्हणजे डेटाबेस नवा आणि फायली जुन्या, तर नोंद दिसते आणि मेल उघडत नाही. मूळ मेलबॉक्समधूनही तो काढला गेला असेल तर कुठूनही परत येत नाही. हे मी एका रिस्टोअरमध्ये प्रत्यक्ष पाहिलंय. एक कर्मचारी एकाच शॉर्टकटवर पुनःपुन्हा क्लिक करत होता आणि मला विचारत होता, ‘ताई, हा दिसतोय, मग उघडत का नाही?’

उपाय उत्पादनातच आहे. व्हॉल्ट स्टोअर (पार्टिशन आणि त्यांचा डेटाबेस मिळून) आणि इंडेक्स दोन्ही बॅकअप मोडमध्ये टाका. त्या अवस्थेत लोक जुने मेल वाचू शकतात, शोधू शकतात. नवं काही आत येत नाही, आतलं काही पुसलं जात नाही. पण तुमच्या फायलींना आठ-नऊ तास लागतात, तेवढा वेळ मोड चालू ठेवू नका. मोड चालू करा, डेटाबेसचा बॅकअप घ्या, पार्टिशन आणि इंडेक्सच्या डिस्कचा स्नॅपशॉट (त्या क्षणाची गोठवलेली प्रत) घ्या, मोड बंद करा. यात सगळ्यात जास्त वेळ डेटाबेसलाच लागेल. मग स्नॅपशॉटवरून दुसऱ्या स्टोरेजवर निवांत कॉपी होऊ द्या. स्नॅपशॉट त्याच स्टोरेजवर पडून असेल तर त्याला बॅकअप धरू नका. ते स्टोरेज गेलं की दोन्ही गेलं.

मोड बंद करणारी ओळ स्क्रिप्टमध्ये कुठे आहे ते आजच बघा. माझ्या स्क्रिप्टमध्ये ती सगळ्यात शेवटी होती. एका शुक्रवारी रात्री बॅकअपची डिस्क भरली, एसक्यूएलची पायरी फसली, स्क्रिप्ट तिथेच थांबली आणि आर्काइव्ह बॅकअप मोडमध्येच राहिलं. सोमवारी सकाळी जर्नल मेलबॉक्स (जिथे प्रत्येक मेलची प्रत आर्काइव्हसाठी जमा होते) उघडला तर आत साठ हजारांच्या वर मेल थांबलेले. एकही हरवला नाही, कारण आर्काइव्ह होईपर्यंत ते तिथून हलत नाहीत. पण मेल सर्व्हरची डिस्क भरायला आली होती आणि सगळं उपसायला दोन दिवस गेले. तेव्हापासून ती ओळ माझ्याकडे ‘फायनली’ ब्लॉकमध्ये असते, म्हणजे वरचं काही फसलं तरी ती चालतेच. शिवाय पहाटे ६ नंतर मोड चालू दिसला तर मला फोनवर मेसेज येतो.

याच्याच जोडीला सेफ्टी कॉपी. सेटिंग अशी ठेवा की आर्काइव्ह झालेला मेल त्याच्या पार्टिशनचा बॅकअप होईपर्यंत मूळ मेलबॉक्समधून काढला जाणार नाही. काही ठिकाणी जागेसाठी हे बंद करतात. करू नका. कालच्या बॅकअपनंतर आत गेलेल्या मेलची दुसरी प्रत फक्त तिथेच असते. बॅकअप झाला हे सिस्टीमला फाइलच्या आर्काइव्ह बिटवरून, म्हणजे बॅकअप झाल्यावर बदलणाऱ्या खुणेवरून कळतं, पण स्नॅपशॉटने तो बिट बदलत नाही. म्हणून ट्रिगर फाइल, म्हणजे ‘बॅकअप झाला’ असा इशारा देणारी फाइल ठेवावी लागते. ती विसरलात तर मेल ‘पेंडिंग’ अवस्थेत साचत जातात. घाईने ठेवलीत तर त्याहून वाईट: बॅकअप न झालेले मेलही सुरक्षित समजून मेलबॉक्समधून काढले जातील. बाहेरची कॉपी पूर्ण झाल्याशिवाय इशारा देऊ नका, आणि सुरक्षित धरायची वेळ स्नॅपशॉटची असू द्या, कॉपी संपल्याची नव्हे. मधल्या तासांत आलेले मेल त्या बॅकअपमध्ये नाहीत.

इंडेक्स पुन्हा बनवता येतात हे खरंच आहे. पण त्यासाठी प्रत्येक मेल पुन्हा वाचावा लागतो, आणि मोठ्या आर्काइव्हमध्ये त्यात दिवस नव्हे, आठवडे जाऊ शकतात. तोवर शोध अपुरा. कायदा विभागाने त्याच आठवड्यात एखाद्या व्यवहाराचे सगळे मेल मागितले तर काय देणार? रोज जमत नसेल तर आठवड्यातून एकदा घ्या. जुना इंडेक्स परत ठेवून पुढचं भरून काढणं शून्यापासून सुरू करण्यापेक्षा कितीतरी सोपं.

एसक्यूएलबद्दल थोडंच: डिरेक्टरी, प्रत्येक व्हॉल्ट स्टोअर आणि फिंगरप्रिंट, सगळे डेटाबेस घ्या. लोक फिंगरप्रिंट विसरतात, आणि सामायिक अटॅचमेंटचा हिशेब त्यातच असतो.

प्रश्न: आर्काइव्हच्या बॅकअपच्या टेप किती वर्षं ठेवाव्यात? आमच्याकडे पहिल्या दिवसापासूनच्या सगळ्या आहेत.

उत्तर: इतिहास सांभाळण्याचं काम आर्काइव्ह करतंय. बॅकअप हा ते कोसळलं तर उभं करण्यासाठी आहे, त्याला काही आठवडे किंवा फार तर काही महिने पुरतात. तुमच्या धोरणात मेल सात वर्षांनी नष्ट करायचे असतील आणि टेपवर ते दहाव्या वर्षीही असतील, तर ते नष्ट झालेच नाहीत, आणि कुणी मागितल्यावर ‘आमच्याकडे नाहीत’ असं तुम्हाला म्हणता येणार नाही. मात्र आज लगेच टेप पुसायला घेऊ नका. आधी कायदा विभागाला लेखी विचारा, कुठल्या प्रकरणासाठी काही राखून ठेवायचंय का. आणि पुसण्याआधी त्यातली ताजी टेप वेगळ्या नेटवर्कवर रिस्टोअर करून पहा: वीस जुने मेल निवडा, अटॅचमेंट उघडा, एखादा शब्द शोधा. आर्काइव्ह ज्या खात्यावर चालतं त्या सर्व्हिस अकाउंटचा पासवर्ड कुणाकडे आहे, हेही त्याच दिवशी कळेल.