अक्षरं मोजली तरी ओळ तालात का बसत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: देवगडकडच्या वाडीतल्या मंडळासाठी गणपतीचं गाणं लिहिलंय, साथीला ढोलकी, झांज आणि पेटी. दोन्ही ओळींत बरोबर 19 अक्षरं असूनही दुसरी ओळ तालाबाहेर जाते, आणि अंतऱ्यावरून (कडव्यावरून) मुखड्यावर (ध्रुपदावर) येताना सगळेच अडखळतात. तुमच्या ओळी अशा:

तुझ्या आगमनाची आम्ही आतुरतेने वाट पाहतो
मनामनात भक्तीचा दिवा उजळून रात्र जागतो

अक्षरं मोजायची सवय भजनातून आली असणार. मोठ्या अभंगाचे चार चरण 6-6-6-4 अक्षरांचे, आणि तिथे ते चालतंही. अभंगात लघु-गुरूचं, म्हणजे एका आणि दोन मात्रांच्या अक्षरांच्या क्रमाचं, बंधन नसतं. बुवा एखादं अक्षर लांबवतात, एखादं आवरतं घेतात आणि कोरस त्यांच्या मागून जातो. ढोलकीवर वीस-पंचवीस जणांनी एकदम म्हणायच्या गाण्यात ही मोकळीक नसते. तिथे मोजायच्या मात्रा: ऱ्हस्व अक्षराची एक, दीर्घाची दोन, आणि जोडाक्षराचा आघात ज्या ऱ्हस्वावर येतो त्याच्याही दोन (भक्ती मधला भ). या हिशेबाने तुमची पहिली ओळ 31 मात्रांची आणि दुसरी 29 ची. दोन मात्रा कमी पडतात, त्या प्रत्येक जण वेगळ्या जागी भरतो, म्हणून गोंधळ.

केरवा हा ठेका आठ मात्रांचा: धा गे ना ति, न क धि न. मुखड्याच्या एका ओळीला दोन आवर्तनं (ठेक्याचे दोन पूर्ण फेरे), म्हणजे 16 मात्रा, हे समूहगीताला सोयीचं माप. तुमचाच आशय त्या मापात असा बसतो:

वाट पाहते पडवी देवा
माटवीवरी हिरवा मेवा

आता तो ठेक्याखाली मांडा. ऽ म्हणजे आधीचं अक्षर लांबवायचं.

वा ऽ ट पा । ऽ ह ते ऽ ॥ प ड वी ऽ । दे ऽ वा ऽ
मा ऽ ट वी । ऽ व री ऽ ॥ हि र वा ऽ । मे ऽ वा ऽ

बेरीज 16 आहेच, पण लघु-गुरूचा क्रमही दोन्ही ओळींत एकच आहे, आणि नवशिके नेमके इथे घसरतात. ‘वाट पाहते’च्या जागी ‘सजले अंगण’ घालून बघा. मात्रा आठच भरतात. पण चालीत समेवरचं (ठेक्याच्या पहिल्या मात्रेवरचं) पहिलं अक्षर दोन मात्रा धरायचं ठरलंय आणि इथे ते ऱ्हस्व ‘स’ आहे. कोरस ते लांबवणार आणि ‘सजले’चं ‘साजले’ होणार. शब्द मोडला की ऐकणाऱ्याचा अर्थही सुटतो. म्हणून निदान समेवर आणि ओळीच्या शेवटी तरी गुरूखाली गुरू यायलाच हवा. अधेमधे एका गुरूच्या जागी दोन लघू चालून जातात. तुमच्याकडे माटवीला (गणपतीवर टांगलेल्या, फळापानांनी सजवलेल्या चौकटीला) मंडपी म्हणत असतील तर बेलाशक बदला, माप तेच राहतं.

ही ओळ समेवरूनच उचला. बरेच जण मुखडा खालीवरून, म्हणजे पाचव्या मात्रेवरून उचलतात आणि ते झोकदारही वाटतं, पण या ओळीत तसं केलंत तर सम ‘पा’च्या शेपटावर पडेल. ढोलकीचा ठोका आधी ऐकू येईल आणि त्यावर शब्दच नसेल. खालीवरून उठायचं असेल तर पहिल्या चार मात्रांत एक शब्द पुरा होईल आणि पाचवी मात्रा नव्या शब्दाने सुरू होईल अशी ओळ लिहा.

ओळ ज्या अक्षरावर संपते तिथे आवाज टेकतो, म्हणून ते अक्षर मोकळ्या स्वराचं हवं: आ, ए, ओ. ‘अंगण’, ‘वाट’, ‘मन’ हे शब्द बोलताना व्यंजनावर बंद होतात. शेवटी ठेवले तर ‘अंगणऽऽ’ असं ओढावं लागतं, ते कानाला खटकतं. लोकगीतांत ओळीअखेर रे, गो, हो, जी येतात ते उगाच नाही, पण प्रत्येक ओळीला ‘हो’ चिकटवला की लिहिणाऱ्याचा आळस दिसतो. दीर्घ ई वरच्या पट्टीत चिरकते, तेव्हा अंतऱ्याच्या सर्वांत उंच स्वराखाली ती येऊ देऊ नका.

यमकाचं सांगायचं तर ‘पाहतो-जागतो’ हे फक्त क्रियापदाच्या प्रत्ययाचं यमक आहे. आला-गेला-झाला, करतो-धरतो ही सगळी त्याच जातीची. ती फुकट मिळतात म्हणून कानावर त्यांचा ठसा उमटत नाही. शेवटच्या अक्षराबरोबर त्याच्या आधीचा स्वरही जुळला पाहिजे आणि जमलं तर दोन शब्द वेगळ्या जातीचे हवेत. देवा हे संबोधन, मेवा हे नाम, आणि दोन्हींत ‘एवा’ पुरता जुळतो. ‘ल’ आणि ‘ळ’ एकमेकांना जुळवू नका. कागदावर खपतं, गाताना लगेच कळतं.

शब्दांविषयी माझं मत कडक आहे. आगमन, आतुरता, मनामनात, भक्तीचा दिवा हे शब्द कुठल्याही गावच्या कुठल्याही गणपतीला चालतात, म्हणूनच तुमच्या गाण्याला ते नकोत. माटवीला बांधलेलं कवंडळ, तेरडा, सुपारीचा घोस, मुंबईहून रात्री उतरलेले चाकरमानी हे लिहा. एका ओळीत डोळ्याला दिसणारी एक वस्तू पुरे. चार कोंबल्या की सामानाची यादी होते.

आता सांधा, म्हणजे अंतऱ्यावरून मुखड्यावर येणं. अंतऱ्याच्या पहिल्या दोन ओळींचं यमक स्वतंत्र ठेवा आणि शेवटच्या ओळीचं मुखड्याशी जुळवा. ते यमक ऐकू आलं की कोरसला न सांगता कळतं, आता मुखडा. उदाहरणार्थ:

गाडी आली रातोराती
बॅगा ओल्या, पायी माती
वर्षाकाठी एकच ठेवा

सगळ्या ओळी 16 मात्रांच्या. तिसरी ओळ ‘एकच वर्षाकाठी ठेवा’ अशी लिहिली तरी मात्रा 16 च होतात, पण आवर्तन ‘वर्षा’वर संपतं आणि ‘काठी’ पुढच्या आवर्तनात जाते. गाणारा मध्ये श्वास घेणार, आणि ही वर्षा कोण, असा प्रश्न मागच्या रांगेतल्या पोरांना पडणार. आठव्या मात्रेवर शब्द पुरा झालाच पाहिजे.

सांध्याचा दुसरा भाग स्वरांचा. मुखडा मध्य सा ते पंचम-धैवत एवढ्यात ठेवा, अंतरा मध्यम किंवा पंचमापासून चढवून तार सा पर्यंत न्या. शेवटची ओळ मात्र खाली उतरवा आणि मुखडा ज्या स्वरावर सुरू होतो त्याच्या शेजारच्या स्वरावर सोडा. मुखडा गंधारावर सुरू होत असेल तर रिषभावर किंवा मध्यमावर. तार षड्जावर सोडून एकदम गंधारावर उडी मारायला लावलीत तर शिकलेला गायक ती घेईल, वाडीचा कोरस नाही.

पट्टी, म्हणजे पेटीच्या ज्या स्वराला सा मानायचा तो, पेटीवाल्याच्या सोयीने धरू नका. पुरुषांना साधारण काळी एक-दोन आणि बायकांना काळी चार-पाच बरी पडते. मुखड्याचा पल्ला वर सांगितला तेवढाच लहान ठेवलात तर एकाच पट्टीत दोघंही आपापल्या सप्तकात म्हणू शकतात. तार सा चा अंतरा एकट्या मुख्य गायकाला द्या.

लय मोबाईलच्या मेट्रोनोमवर मिनिटाला 160 मात्रा लावून पाहा. एक ओळ 6 सेकंदांची होते, एका दमात निघते, आणि सोळाव्या मात्रेवर ‘वा’ सोडून श्वास घेता येतो. मुखडा सुरुवातीला दोनदा, प्रत्येक अंतऱ्याआधी चार आवर्तनं वाजवणं, अंतऱ्याची प्रत्येक ओळ दोनदा आणि मग मुखडा एकदा असा हिशेब धरला तर तीन अंतऱ्यांचं गाणं 3 मिनिटं 24 सेकंद चालतं. चौथा अंतरा आणखी मिनिटभर खातो. आरतीआधी एवढा वेळ कोणी देत नाही, तेव्हा तिसऱ्यावर थांबा.

लिहिताना पेन नंतर, टाळी आधी. आठ मोजत टाळी द्या, ओळ मोठ्याने बोला, गाऊ नका. बोलतानाच अडली तर चाल तिला वाचवणार नाही. मग गाणं माहीत नसलेल्या दोघांना एकदा ऐकवून लगेच म्हणायला सांगा. ते ज्या शब्दावर चुकतात तो शब्द बदला, त्यांना समजावत बसू नका.

ओळींत वाट, दार, रात असे आधी दोन मग एक मात्रा या मापाचे शब्दच ओळीने येत असतील तर ती ओळ सहा मात्रांच्या दादऱ्याकडे ओढ घेते. तिला केरव्यात कोंबण्यापेक्षा ठेका बदला, मात्र मुखडा आणि अंतरा दोन्हींचा.

सिनेगीताच्या चालीवर लिहायला सरावापुरती हरकत नाही, मात्रा पक्क्या होतात. पण ते रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकणार असाल तर चाल स्वतःची करा. भारतात संगीतकाराचा चालीवरचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो, शब्द तुमचे असले तरी.